इंजेक्शन राहू दे, आधी टेस्ट नीट करून घे

या वेळचं पत्र इंदूरच्याच एका वाचकाचं, थोडं कापून देतोय:

"काका नमस्कार, नाव छापू नका प्लीज. मी ३३, बायको ३०, लग्नाला चार वर्षं झाली, अडीच वर्षांपासून मुलासाठी प्रयत्न चालू आहेत. बायकोच्या सगळ्या टेस्ट गेल्या दीड वर्षात झाल्या, नॉर्मल आहेत. माझी स्पर्मची टेस्ट डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पहिल्यांदाच केली. काउंट ११ मिलियन, मॉटिलिटी (हलणारे स्पर्म) २२ टक्के, मॉर्फॉलॉजी (नॉर्मल आकाराचे) ३. सॅम्पल चांगलं यावं म्हणून १५ दिवस थांबलो होतो, घरीच घेतलं आणि सुदामा नगरहून स्कूटरवर गीता भवनच्या लॅबला नेलं, जाममध्ये सव्वा तास लागला. ऑक्टोबरच्या शेवटी डेंग्यू झालेला, पण आता फिट आहे. टेस्टोस्टेरॉन २८५ आलं, ऑफिस सुटल्यावर सहा वाजता दिलं होतं. जिमचा ट्रेनर म्हणतो हे लो आहे, १२ आठवड्यांचा टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनचा कोर्स कर, बॉडी पण बनेल आणि बाळ पण होईल. सध्या अश्वगंधा, शिलाजीत, झिंक ५०, एक मेन्स फर्टिलिटी पावडर आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत, महिन्याला साडेचार हजार जातात. वजन ९६, उंची पाच सात. बायको म्हणते मी घोरतो. आई रोज विचारते. इंजेक्शन घेऊ का?"

नको घेऊस. खालचं बाकी वाचायला वेळ मिळाला नाही तरी चालेल, पण एवढं लक्षात ठेव की मूल हवं असताना बाहेरून टेस्टोस्टेरॉन घ्यायचं नसतं, ना इंजेक्शन, ना जेल, ना ट्रेनरच्या बॅगेतली ती पिवळी बाटली.

का ते सांगतो, कारण नुसतं नको म्हटलं तर तू ट्रेनरकडे जाशील आणि तो तुला दंड दाखवून पटवेल. आपल्या मेंदूच्या खाली पिट्यूटरी नावाची ग्रंथी असते, ती एलएच आणि एफएसएच असे दोन हॉर्मोन सोडते आणि त्यांच्या जोरावर खाली टेस्टिकलमध्ये टेस्टोस्टेरॉनही बनतं आणि स्पर्मही बनतात. तू बाहेरून सुई टोचलीस की पिट्यूटरीला वाटतं रक्तात भरपूर आहे, आता माझं काम काय, आणि ती एलएच-एफएसएच सोडणं बंद करते. स्पर्म बनायला टेस्टिकलच्या आत रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं आणि ते तिथेच बनावं लागतं, बाहेरचं तिथे पुरत नाही. मग काय होतं, रक्ताचा रिपोर्ट एकदम झकास, दंड फुगलेले, आणि काउंट हळूहळू शून्य. हे मी घाबरवायला सांगत नाहीये, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या आसपास दर आठवड्याच्या टेस्टोस्टेरॉन इंजेक्शनचे प्रयोग पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणूनच केले होते, आणि त्यातल्या बहुतेकांचा काउंट शून्यावर किंवा अगदी खाली गेला होता! म्हणजे तुझा ट्रेनर बाळासाठी तुला जे देतोय ते बाळ होऊ नये म्हणून तपासलेलं औषध आहे. बंद केल्यावर बहुतेकांचं परत येतं, पण सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षंही लागतात आणि काहींचं आधीइतकं येतच नाही. एमवाय हॉस्पिटलजवळच्या दवा बाजारात आणि नंतर माझ्या स्वतःच्या मेडिकलवर इतकी वर्षं काढली त्यात या सुईपायी फसलेली जिमवाली पोरं बरीच बघितली, आणि गंमत म्हणजे चिठ्ठी कुणाकडेच नसते, हे शेड्यूल एचचं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असं औषध आहे तरी.

आता तुझ्या रिपोर्टकडे येतो, कारण खरी गडबड तिथेच आहे. तू साडेचार हजार महिन्याला घालवतोयस एका अशा कागदाच्या भरवशावर ज्यात तीन-तीन घोटाळे आहेत, आणि तिन्ही तूच पत्रात लिहून पाठवलेत.

पहिला डेंग्यू. स्पर्म तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात आणि मग पुढच्या नळीतून यायला आणखी दहा-बारा दिवस, म्हणजे आज जो सॅम्पल देशील तो अडीच-तीन महिन्यांपूर्वी बनायला सुरुवात झालेला माल असतो. ऑक्टोबरच्या शेवटी तुला १०३-१०४ चा ताप असेल, डेंग्यूत असतोच, आणि टेस्टिकलला थंडावा लागतो, शरीरापेक्षा दोन-चार डिग्री कमी, म्हणून तर ते बाहेर आहेत. जोराच्या तापाने त्या वेळची सगळी बॅच खराब होते. तू डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सॅम्पल दिलास म्हणजे बरोबर त्या खराब बॅचचाच दिलास. तू फिट झालास, पण बॅच फिट व्हायला जानेवारीचा शेवट उजाडतो.

दुसरा ते पंधरा दिवस. हे सगळे करतात, साठवलं की जास्त येईल असं वाटतं. जास्त येतंही, पण त्यात जुने, थकलेले, मेलेले भरपूर असतात आणि मॉटिलिटी पडते. टेस्टसाठी दोन ते सात दिवसांचं अंतर सांगतात, त्यात तीन-चार दिवस सगळ्यात बरे. आणि हेच एरवीही, महिनाभर थांबून फक्त त्या एका दिवशी प्रयत्न करणारी जोडपी असतात, त्यापेक्षा बायकोचं अंडं बाहेर पडायच्या आठवड्यात दिवसाआड चांगलं. आणि हो, ल्युब्रिकंट जेली वापरत असाल तर सोडा, नेहमीच्या जेलीने स्पर्मची हालचाल मंदावते, हे मेडिकलवाला सांगत नाही कारण कुणी विचारतच नाही.

तिसरा ती स्कूटर! डिसेंबरात इंदूरात जी थंडी असते त्यात डबी बहुतेक डिकीत टाकून सव्वा तास. सॅम्पल तासाच्या आत मायक्रोस्कोपखाली जायला हवा, अर्ध्या तासात गेला तर उत्तम, आणि अंगाच्या उबेत, म्हणजे शर्टाच्या आत पोटाला लावून न्यायचा, डिकीत नाही. थंड झालेले स्पर्म हलत नाहीत, मग मॉटिलिटी २२ नाही तर काय येणार. बऱ्याच लॅबमध्ये वेगळी खोली असते, तिथेच दे. लाज वाटते हे मला माहीत आहे, बाहेर खुर्चीवर कुणाची तरी सासू बसलेली असते आणि आत जाताना सगळे बघतात असं वाटतं, पण कुणी बघत नाही, सगळे आपापल्या फाइलमध्ये डोकं घालून बसलेले असतात.

तर फेब्रुवारीत नवीन टेस्ट, तीन-चार दिवसांचं अंतर ठेवून, लॅबमध्येच. आणि एकाच टेस्टवर कुणी निकाल देत नाही, दोन तरी हव्यात, काउंट दर वेळी बदलतो, निरोगी माणसाचाही. रिपोर्ट वाचायला आकडे देऊन ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मॅन्युअलप्रमाणे खालची हद्द अशी: एका मिलीला १६ मिलियन, पूर्ण सॅम्पलमध्ये ३९ मिलियन, एकूण मॉटिलिटी ४२ टक्के, नॉर्मल आकाराचे ४ टक्के, सॅम्पल १.४ मिली. मॉर्फॉलॉजी ४ बघून लोक हबकतात की ९६ टक्के खराब, पण ४ म्हणजे पास. आणि ही हद्द आली कुठून तर ज्यांना एका वर्षाच्या आत मूल झालं त्या पुरुषांमधल्या तळाच्या पाच टक्क्यांवरून, म्हणजे तिच्याखाली असलेल्यांनाही मुलं झालीच आहेत. ११ म्हणजे संपलं असं काही नाही.

टेस्टोस्टेरॉनचंही तसंच. ते सकाळी सगळ्यात वर असतं आणि दिवसभरात उतरतं, जेवलं की आणखी खाली येतं. तू सहा वाजता, ऑफिसातून, बहुतेक कचोरी-समोसा खाऊनच दिलं असशील. ही टेस्ट सकाळी सात ते दहामध्ये, उपाशीपोटी, आणि कमी आली तर दुसऱ्या दिवशी परत, अशी करतात, ३०० च्या खाली दोन्ही वेळा आली तर पुढचं बोलायचं. त्या टेस्टच्या आधी तुझ्या केसांच्या बायोटिनच्या गोळ्या तीन दिवस बंद ठेव, लॅबवाल्यालाही सांग. जास्त डोसचं बायोटिन रक्तात असलं की बऱ्याच मशीन चुकतात, टेस्टोस्टेरॉन खरं असतं त्यापेक्षा जास्त दाखवू शकतात आणि थायरॉइडचा टीएसएच, एलएच कमी, मग थायरॉइड वाढलंय असं समजून गोळी उगाच चालू होऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये यावर इशाराही दिला होता. आणि केसांसाठी बायोटिनबरोबर फिनास्टेराइड चालू असेल तर ते डॉक्टरांना सांग, काही जणांचा काउंट त्याने पडतो आणि बंद केल्यावर सुधारतो.

आता डबे. सगळ्यांना एकाच लायनीत उभं करणार नाही, कारण सगळे सारखे नाहीत.

झिंकचं सगळ्यात सरळ आहे. २०२० मध्ये अमेरिकेत मोठा अभ्यास आला, २३७० जोडपी, अर्ध्या पुरुषांना सहा महिने रोज ३० मिलिग्रॅम झिंक आणि ५ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड, अर्ध्यांना खोटी गोळी. मुलं दोन्हीकडे सारखीच झाली, काउंटमध्येही फरक नाही, फक्त खऱ्या गोळीवाल्यांची पोटं जास्त बिघडली. तू ५० घेतोयस आणि पावडरमध्ये झिंक असणारच, डबा पलटून बघ. रोज ४० च्या वर झिंक महिनोन्महिने गेलं तर शरीरातलं तांबं कमी व्हायला लागतं. सेलेनियमही तसंच, केसांच्या गोळीत आणि फर्टिलिटी पावडरमध्ये दोन्हीकडे असेल तर बेरीज कर, गंमत अशी की सेलेनियम जास्त झालं की केस गळतात.

त्या पावडरमधले बाकीचे, व्हिटॅमिन सी, ई, कार्निटिन, लायकोपीन, कोक्यूटेन वगैरे, यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. बरेच छोटे अभ्यास म्हणतात मॉटिलिटी थोडी वाढते, कोक्यूटेनबद्दल तर बऱ्यापैकी म्हणतात, पण मूल होण्याचं प्रमाण वाढतं याचे पुरावे कच्चे आहेत, आणि २०२० मध्येच असं मिश्रण नीट तपासलं तेव्हा तीन महिन्यांत काउंट आणि मॉटिलिटीत काही हाती लागलं नाही. डॉक्टरांनी यातलं एखादं तीन महिने लिहून दिलं तर घे, नुकसान फारसं नाही, पण स्वतः पंधराशेचा डबा उचलू नकोस. आणि डब्यावर बारीक अक्षरात बघ, एफएसएसएआयचा नंबर असेल आणि औषधी वापरासाठी नाही असं इंग्रजीत छापलेलं असेल. म्हणजे कायद्याने ते खाणं आहे, बिस्किटासारखं, औषध म्हणून त्याला काही सिद्ध करावं लागलेलं नाही. पुढच्या बाजूला मात्र मोठ्या अक्षरात बाळ हसतंय.

अश्वगंधेबद्दल मी सोवळं पाळत नाही, आमच्या घरीही आजी दुधातून द्यायची. आपल्याकडेच झालेल्या छोट्या अभ्यासांत काउंट वाढलेला दिसतो, पण छोट्या म्हणजे चाळीस-पन्नास माणसांच्या. दुसरी बाजू अशी की अश्वगंधेच्या कॅप्सूलने लिव्हर बिघडल्याच्या केसेस भारतातूनही आणि बाहेरूनही नोंदल्या गेल्यात, डेन्मार्कने तर २०२३ मध्ये बंदीच घातली, आणि थायरॉइडची गोळी चालू असेल तर हिच्यामुळे आकडे हलतात. तुला तर नुकताच डेंग्यू झालेला, त्यात लिव्हरवर ताण येतोच. तू बंद कर, निदान लिव्हरची टेस्ट नॉर्मल येईपर्यंत. शिलाजीत सरळ बंद. शुद्ध न केलेल्या शिलाजीतमध्ये शिसं-पारा निघतो, आणि शिसं स्पर्मचं शत्रूच आहे. कुणी वैद्य भस्म देत असेल तरी हाच प्रश्न विचार, टेस्ट रिपोर्ट कुठाय. आणि ती पाकिटं, ज्यांवर घोड्याचं चित्र असतं, त्यात व्हायग्राचं औषध गुपचूप मिसळलेलं सापडतं, हार्टची नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ते खाल्लं तर बीपी कोसळतो. काउंटशी त्याचा काही संबंध नाही, ताठरपणा वेगळा आणि स्पर्म वेगळे, हे दोन्ही एकच समजून लोक आयुष्यभर पैसे घालवतात.

खरा इलाज कुठे असू शकतो ते सांगतो. यूरोलॉजिस्टकडे जा, त्यातही अँड्रोलॉजी, म्हणजे पुरुषांच्या अशा तक्रारी बघणारा मिळाला तर उत्तम, आणि तो हाताने तपासतो का बघ. हे महत्त्वाचं आहे, कारण बऱ्याच ठिकाणी पुरुषाला खुर्चीवर बसवून नुसता रिपोर्ट बघतात आणि चिठ्ठी लिहितात. उभं राहायला लावून, खोकायला लावून हाताने तपासलं की व्हेरिकोसील कळतं, टेस्टिकलच्या वरच्या शिरा फुगलेल्या असतात, बहुतेक डावीकडे, कारण डावीकडची शीर किडनीच्या शिरेला काटकोनात जाऊन मिळते आणि रक्त मागे साचतं. सगळ्या पुरुषांपैकी साधारण १५ टक्क्यांत हे असतं आणि मूल न होणाऱ्यांपैकी ३५-४० टक्क्यांत. हाताला लागणारं असेल आणि काउंट कमी असेल तर मायक्रोस्कोपने ऑपरेशन करतात आणि बऱ्याच जणांचा काउंट सुधारतो, तीन ते सहा महिन्यांत. पण हाताला न लागणारं, फक्त डॉप्लर सोनोग्राफीत ग्रेड वन म्हणून लिहून आलेलं असेल, तर ऑपरेशनची घाई करू नकोस, त्याने फायदा होत नाही. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घे.

रक्तात एफएसएच, एलएच, सकाळचं टेस्टोस्टेरॉन, प्रोलॅक्टिन, टीएसएच, शुगर. हॉर्मोन खरंच कमी निघाले तरी मूल हवं असणाऱ्याला टेस्टोस्टेरॉन देत नाहीत, क्लोमिफिन देतात किंवा एचसीजीची इंजेक्शनं, जी तुझ्याच टेस्टिकलला कामाला लावतात. क्लोमिफिनची एक मजा सांगतो. काउंटरवरून गोळ्या घेऊन गेलेला माणूस अर्ध्या तासात परत यायचा, चिठ्ठी हातात चुरगाळलेली, आजूबाजूला कुणी नाही बघून हळू आवाजात "भैया, ये तो लेडीज़ वाली है." पॅकेटवर बायकांसाठीची माहिती असते ना. मग त्याला बाजूला घेऊन सांगावं लागायचं की बाबा चूक नाही, डॉक्टरांनी बरोबर लिहिलंय, पिट्यूटरीला जागं करणारं आहे. मात्र ही गोळी डॉक्टरच देणार, मागे एकाने मित्राची उरलेली खाल्ली होती, तसलं नको.

लहानपणी किंवा कॉलेजात गालफुगी झाली होती का, टेस्टिकल वर राहिल्याचं किंवा हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं का, हे आईला विचारून ठेव, तेवढी कामाची गोष्ट आईकडून मिळेल.

आता तुझं वजन. ९६ किलो, पाच सात, घोरणं. डब्यांपेक्षा तुझा सगळ्यात मोठा इलाज मला इथे दिसतो. पोटावरची चरबी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करते, अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं तिथे. घोरताना श्वास अडकत असेल तर झोप तुटते आणि टेस्टोस्टेरॉन झोपेतच वर चढतं. बायकोला विचार, मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो का, हो म्हणाली तर छातीच्या डॉक्टरांना दाखव, स्लीप टेस्ट होते. दहा किलो कमी झाले तरी टेस्टोस्टेरॉन आपोआप वर येतं आणि शुगर-बीपी खाली. जिम सोडू नकोस, ट्रेनर सोड. आणि जिममधलं ते स्टीम रूम पण सोड, तिथे पंधरा मिनिटं बसणं म्हणजे वर सांगितलेला ताप स्वतःहून आणणं. मांडीवर लॅपटॉप नको, चड्डी ढिली. सकाळचे पोहे-जिलबी बंद करायला सांगणार नाही, इंदूरात राहून ते कुणाला जमणार, पण जिलबी रविवारी, आणि रात्री सराफ्यात अकरा वाजता गराडू हाणून येणं थांबव.

गुटखा, सिगरेट याबद्दल तू काही लिहिलं नाहीस. खात असशील म्हणून लिहिलं नाहीस की खात नाहीस म्हणून, ते तुझं तुला माहीत. तंबाखू ओढा नाहीतर चघळा, काउंटवर परिणाम होतो.

एक गोष्ट मात्र पत्रात खटकली. बायकोच्या टेस्ट दीड वर्ष, आणि तुझी पहिली टेस्ट आत्ता. तिची एचएसजी, म्हणजे गर्भनळ्यांचा एक्स-रे, झाली असेल, दुखतं ते, दर महिन्याला सोनोग्राफीच्या चकरा, आणि तुला फक्त एका डबीत सॅम्पल द्यायचा होता. मूल न होण्यात जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाचा भाग असतो, पूर्ण किंवा थोडा, म्हणून दोघांची तपासणी एकदमच करायची असते आणि पुरुषाची सोपी, स्वस्त असते म्हणून तीच आधी. आईला तू काही सांगितलेलं दिसत नाहीये, म्हणजे घरात सगळे अजून सूनबाईकडेच बघत असणार. आज संध्याकाळी आईला सांग की माझ्याही टेस्ट चालू आहेत आणि माझ्यात सुधारायचं आहे. आकडे सांगायची गरज नाही. त्या पोरीच्या डोक्यावरचं अर्धं ओझं उतरेल.

वेळेचं गणित असं धर. फेब्रुवारीत दोन टेस्ट, त्यात काउंट नॉर्मल निघाला तर बायकोची डॉक्टर पुढचं ठरवेल. कमीच राहिला तर कारण शोधून तीन ते सहा महिने इलाज, ती तिशीची आहे म्हणून एवढा वेळ आहे, पस्तिशीची असती तर मी थांब म्हटलं नसतं. त्यानंतरही काही झालं नाही तर आययूआय, म्हणजे धुतलेले स्पर्म गर्भाशयात सोडणं, त्यासाठी धुतल्यावर काही मिलियन तरी हलणारे उरावे लागतात. त्याहून कमी असतील तर इक्सी, त्यात एका अंड्यासाठी एकच स्पर्म लागतो, १९९२ पासून होतंय हे. इंदूरात आयव्हीएफची सेंटर भरपूर झालीत, जायची वेळ आली तर २०२१ च्या एआरटी कायद्याखालचं रजिस्ट्रेशन आहे का ते रिसेप्शनवरच विचार, भिंतीवर लावलेलं असतं. पहिल्याच भेटीत, तुला हात न लावता, पॅकेजचा कागद पुढे सरकवला तर तिथून उठ. काउंट फारच खाली किंवा शून्य आला तर मात्र इक्सीच्या आधी कॅरिओटाइप, म्हणजे सगळ्या क्रोमोसोमची तपासणी, आणि वाय क्रोमोसोमची टेस्ट करून घ्यायला सांगतील, ती कर, कारण काही दोष मुलाकडे जाऊ शकतात.

उरलेले डबे सीलबंद असतील आणि बिल असेल तर दुकानदाराला परत घे म्हण, ओळखीचा असेल तर घेतो. उघडे असतील ते ट्रेनरला देऊ नकोस, तो दुसऱ्याला विकेल.